तुम्ही कोणाकडच्या?

लग्नघरात कधी कधी एखादी बाई अशी वावरत असते, की मुलीकडच्यांना वाटते ती मुलाकडची आणि मुलाकडच्यांना वाटते ती मुलीकडची. दोन्हीकडचे तिला आग्रहाने वाढतात, दोन्हीकडचे तिच्या हाती सामान सोपवतात. मिल्काबाईंना मी पहिल्यांदा पाहिले ते पनवेलच्या एका लहानशा प्रसूतिगृहात. पण त्यांचे तिथले असणे नेमके तसेच होते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धाकट्या जावेला, शैलाला, तपासणीसाठी घेऊन मी बाकावर बसले होते. फिनेलचा वास, भिजलेल्या कापसाचा वास आणि शेजारच्या डब्यातून येणारा सुक्या जवळ्याचा वास यांची एक विलक्षण सरमिसळ त्या व्हरांड्यात झाली होती. डबा होता उरणच्या बाजूच्या एका म्हातारीचा. तिची सून आत कळा देत होती, आणि म्हातारी दर थोड्या वेळाने उठून पडद्यापाशी जाऊन परत येत होती. तेवढ्यात पडदा बाजूला सारून एक उंच, हडकुळी बाई बाहेर आली. पांढरी, बारीक निळ्या काठांची साडी, हातात ताडाच्या पानाचा पंखा.

“आवो बाई,” म्हातारीने तिला अडवले, “तुमी आतल्या ना? आमची सून लय घाबरलीय, तिला एकटी नका ठेवू.”

“मी आतली नाही हो.”

“मंग भायेरच्या?”

“बाहेरची पण नाही.”

“आतली नाय, भायेरची नाय. मंग कंची गो तू?”

ती बाई खळखळून हसली. “ते मलाही कधी कधी कळत नाही. पाणी प्यायला आले होते. आता जाऊन पुन्हा तिच्यापाशी बसते. चालेल?”

“बस गो बाय, बस,” म्हातारी म्हणाली, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा बाकाला पाठ टेकून बसली.

मी परिचारिकेला विचारले, ह्या कोण? ती घाईत म्हणाली, “त्या? पेशंटची मावशी आहे ना ती.” मी गोंधळून शैलाकडे पाहिले. शैला मात्र त्या हलणाऱ्या पडद्याकडे पाहत होती. कित्येक महिन्यांत तिने कशाकडेही इतके लक्ष देऊन पाहिलेले मला आठवत नव्हते.

शैलाचे हे दुसरे बाळंतपण. पहिली मुलगी न रडताच जन्माला आली होती. ती शैलाला दाखवली नाही. “पाहिली तर माया लागेल,” असे सासूबाई म्हणाल्या, आणि त्या म्हणण्यात दुष्टावा नव्हता; त्यांच्या पिढीच्या बायकांनी दुःखावर घालायची ती एक फुंकर होती. पुरुष ते गाठोडे घेऊन गेले, संध्याकाळी आंघोळी करून परतले, आणि घरात त्या विषयाला कायमची कडी लागली. दुसऱ्या वेळी दिवस राहिल्यावर शैलाने एक दुपटे शिवू दिले नाही, एक नाव सुचवू दिले नाही. तिची आई लहानपणीच गेलेली. माहेर असे नव्हतेच. येणाऱ्या मुलाला ही जवळ घेईल का, या एकाच भीतीने आमचे घर आवाज न करता चालत होते.

त्या दिवशी निघताना शैला एकदम मागे वळली आणि मिल्काबाईंना म्हणाली, “माझ्या वेळी तुम्ही याल?”

“बोलावलंस तर येईन.”

“काय म्हणून बोलवायचं?”

मिल्काबाई म्हणाल्या, “सोबतीला म्हणून बोलाव.”

पुढे मी त्यांच्या घरी जाऊ लागले. जुन्या गावात तळ्यापलीकडच्या गल्लीत, दाराच्या चौकटीवर एक बोटभर लांबीची पट्टी तिरकी ठोकलेली होती. आत येताना त्या तिला बोटे लावून ओठांना लावत. त्या बेने इस्रायल होत्या, कोकणातल्या शनिवार पाळणाऱ्या ज्यूंपैकी. एके काळी ती सगळी गल्ली त्यांच्याच माणसांची. आता बहुतेक दारांना कुलपे होती. घरात खोबरेल तेलाचा आणि जुन्या कागदांचा शांत वास असे. एकदा गेले तेव्हा परातीत गुळाचे पोहे, वर ओले खोबरे आणि गुलाबाच्या पाकळ्या असा मलिदा केलेला होता. “नवस फेडला,” म्हणाल्या. कसला, ते सांगितले नाही.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची उभी हयात गेली होती. आपोआप लागणारे फोन आले आणि ट्रंक कॉल जोडणाऱ्या बायकांचे काम सरले, तेव्हा त्या घरी बसल्या. पण सवय गेली नव्हती. समोरचा जे सांगेल त्यातला शेवटचा शब्द त्या परत उच्चारत.

“आज फार उकडतंय.”

“उकडतंय.”

“सासूबाईंचे गुडघे दुखताहेत.”

“गुडघे. बरं.”

सुरुवातीला मला ही चेष्टा वाटली. नंतर वाटले, त्यांना कमी ऐकू येत असावे. शेवटी धीर करून विचारले. “पेणला जोडायचं आणि पेडण्याला जोडलं तर?” त्या गंभीरपणे म्हणाल्या. “म्हणून आधी परत म्हणायचं. माणूस काय म्हणाला, ते त्यालाही ऐकू येतं मग.”

बाळंतपणातले त्यांना काहीही कळत नसे. हे त्या स्वतःच सांगत. नाळ कशी बांधतात, किती वेळ लागला म्हणजे काळजी करायची, यातले काही विचारले की म्हणत, “डॉक्टरीणबाईंना विचारा. त्या शिकल्यात.” इतकेच नव्हे, रक्त पाहिले की त्यांना भोवळ येई. म्हणून त्या नेहमी उशापाशी बसत, खालच्या बाजूला पाठ करून, आणि फक्त चेहऱ्याकडे पाहत. एकदा चुकून मान वळली तर स्वतःच आडव्या झाल्या. “कळा देणारीनं मला पंख्यानं वारा घातला,” हे सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या.

मग त्या हे का करत? मी तीन वेळा विचारले आणि तीन वेगळी उत्तरे मिळाली. एकदा म्हणाल्या, त्यांच्या स्वतःच्या वेळी सगळे घर बाळाकडे धावले आणि त्यांना पाणी द्यायला कोणी उरले नाही. दुसऱ्यांदा म्हणाल्या, घरी बसून कंटाळा येतो. तिसऱ्यांदा बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि म्हणाल्या, “खरं सांगू? नीट कळत नाही.” पहिल्या उत्तरातले ते बाळ आता कुठे होते, हेही मला कधी उमगले नाही. गल्लीत कोणी म्हणे मुलगी इस्रायलला आहे. कोणी म्हणे, त्यांना मूलच नव्हते. कवितेत मला संदिग्धता आवडते. माणसात तिने माझी नेहमी दमछाक केली आहे.

शैलाला कळा सुरू झाल्या त्या नेमक्या शनिवारी सकाळी. तिला सासूबाईंबरोबर प्रसूतिगृहात पाठवून मी रिक्षा घेऊन मिल्काबाईंच्या दारी गेले. त्या लगेच निघाल्या, पण रिक्षात बसेनात. चालू लागल्या. मी त्यांच्या मागे, आणि रिक्षावाला आमच्या बाजूने धीम्या गतीने.

“बसा ना आजी. पैसे नका देऊ.”

“पैशांचं नाही रे बाबा. आज शनिवार.”

“शनिवार? मारुतीचा उपास आहे का?”

“मारुतीचा नाही.”

“मग कुणाचा?”

“घोडं पुढे हाण तू,” मिल्काबाई म्हणाल्या, आणि अशा झपाझप चालू लागल्या की मला पदर खोचून धावावे लागले. बाजारातून, ओल्या मासळीच्या आणि उदबत्तीच्या वासांतून आम्ही दोघी त्या रिक्षाच्या सोबतीने मिरवणुकीसारख्या प्रसूतिगृहात पोहोचलो.

दुपारपर्यंत सासूबाई आणि मी व्हरांड्यात होतो. अधूनमधून पडद्याआडून शैलाचा आवाज येई, आणि पाठोपाठ तोच शब्द मिल्काबाईंच्या सपाट, स्वच्छ आवाजात.

“कंबरेत.”

“कंबरेत.”

“नाही सहन होत.”

“नाही सहन होत.”

“अगोबाई, ही वेडावते की काय तिला?” सासूबाई म्हणाल्या. “नाही होत म्हणे! धीर द्यायचा सोडून!” पण थोड्या वेळाने त्याच मला हळूच म्हणाल्या, “तरी या दवाखान्यातली बाई बरी आहे हो, जागची हलली नाही.” आणि डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, “मुलगी झाली. रडली, छान रडली. आणि तुमच्या घरच्या त्या मावशी फार शांत आहेत हं, अशी माणसं मिळायला हवीत.” मी दोघींकडे पाहिले. दोघींचेही चेहरे इतके आनंदी होते, की कोण कोणाकडची हा हिशेब मी तिथे मांडला नाही.

घरी जिलब्या आल्या. सासूबाईंनी पणती लावली. धुरीत ओवा आणि बाळंतशेपा पडला, वेखंडाचा उग्र वास दारादारांतून फिरला. आणि त्या सगळ्या मंगल वासांच्या मध्यभागी शैला भिंतीकडे तोंड करून निजलेली. मुलीला छातीशी ठेवले की पाजी. काढून घेतले की हात तसाच रिकामा पडून राही. तिने एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिले नाही. एके सकाळी ती अगदी साध्या स्वरात म्हणाली, “ही माझी नाही.”

सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. माझ्या यजमानांनी डॉक्टरीणबाईंना आणले. त्यांनी शैलाला तपासले, झोपेसाठी गोळ्या दिल्या, आणि सासूबाईंना समोर बसवून समजावले की बाळंतिणीच्या मनाला असे होऊ शकते, यात तिचा हट्ट नाही. तिला एकटी ठेवू नका आणि मला दर दोन दिवसांनी कळवा, असेही त्या म्हणाल्या. सासूबाईंनी मान डोलावली. पण डॉक्टरीणबाई गेल्यावर म्हणाल्या, “मनाला काय होतंय? हाती लक्ष्मी आलीय.”

मिल्काबाई रोज दुपारी येत. येताना खारी बिस्किटांची पुडी आणत आणि ती शैलाला न देता सासूबाईंना देत. “तुम्ही काही खाल्लंत का?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मग शैलाच्या खाटेशी, पाळण्याकडे पाठ करून बसत. केस विंचरून देत, नाही तर नुसत्या बसून राहत. बाळाला त्यांनी कधी हातही लावला नाही. याचा घरात बोभाटा झाला. शेजारपाजारच्या बायका येत त्या थेट पाळण्यात वाकत. ही एकटीच अशी, जिला पाळणा दिसतच नाही.

“बाळाकडे बघतसुद्धा नाही ही,” सासूबाई माझ्याकडे कुरकुरल्या.

मी ते मिल्काबाईंना सांगितले. “बाळाकडे बघायला सगळे आहेत,” त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. जशी घरातली मांडणी आहे तशी त्यांनी सांगितली, एवढेच.

बारशाच्या आदल्या दुपारी ते घडले. घरात घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत होते. सासूबाई कुंची घेऊन आल्या आणि शैलाच्या हाती देत म्हणाल्या, “ही तू घाल उद्या तिला, आईनं घालायची असते.” शैलाने कुंची बाजूला ठेवली.

“ही माझी नाही.”

“शुभ बोल गं!” सासूबाई कळवळल्या. मीही काहीतरी म्हणाले. काय, ते आता आठवत नाही. अशा वेळी म्हणतात तसेच काहीतरी. आणि आमच्या त्या गलबल्यातून मिल्काबाईंचा सपाट, स्वच्छ आवाज आला.

“ही तुझी नाही.”

सासूबाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरला, मग चढला.

“काय बोललात? उद्या बारसं आणि माझ्या घरात बसून हे बोलता? तुम्ही आहात तरी कोणाकडच्या? डॉक्टरीणबाईंनी पाठवलं ना तुम्हाला?”

“नाही. त्यांना वाटतं मी तुमच्याकडची.”

“आमच्याकडची?” सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. “तू ओळखतेस? नात्यानं कोण लागते ही आपली?”

“कोणी नाही लागत,” मी म्हणाले.

“मग निघा,” सासूबाई दाराकडे हात करून म्हणाल्या. “आत्ता निघा.”

मिल्काबाई उठल्या. त्यांनी वाद घातला नाही, खुलासा केला नाही. चेहऱ्यावर मात्र एक गोंधळ दिसला. आपण योग्य जागी जोडले की भलतीकडेच, हे कळत नसलेल्या माणसाचा तो गोंधळ होता. त्या उंबऱ्याशी गेल्या आणि एक चप्पल पायात सरकवली. इतक्यात शैला खाटेवर उठून बसली.

“मग माझी कुठे आहे?”

हा प्रश्न तिने कोणाला विचारला हे आम्हाला कळेना. दारात अरुण भाऊजी उभे होते. उरणच्या प्रकल्पातली पाळी संपवून नुकतेच आलेले, हातात डबा, अंगाला तेलाचा आणि खाऱ्या वाऱ्याचा वास. माझा हा धाकटा दीर, शैलाचा नवरा, घरात सर्वांत कमी बोलणारा.

“नदीवर,” ते म्हणाले.

“अरुण!” सासूबाई ओरडल्या.

“गाढीच्या काठी. करंजाचं झाड आहे, त्याच्याखाली. मीच ठेवली तिला, दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नाही.”

“कशी होती?” शैलाने विचारले.

भाऊजींनी डबा खाली ठेवला. “केस होते,” ते म्हणाले. “पुष्कळ केस होते तिला. काळेभोर. आणि हनुवटी तुझी.”

शैलाच्या घशातून जो आवाज निघाला तो मी त्याआधी ऐकला नव्हता. ते रडणे किती जुने होते हे ऐकताच कळत होते. सासूबाई जिथे होत्या तिथेच, हरभऱ्यांच्या पातेल्याजवळ, खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाल्या, “मला कुणी सांगितलंच नाही रे, केस होते म्हणून.” मिल्काबाई एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, तशाच उंबऱ्यावर. कोणी त्यांना जा म्हटले नाही, ये म्हटले नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. पाळण्यातली कुरकुरू लागली. आम्ही कोणी उठलो नाही. उठावे की नाही हेच समजत नव्हते. शैलाने नाक पुसले, पाळण्याकडे पाहिले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, “तिला भूक लागली असेल.”

सगळे तिथेच मिटले असे नाही. कुंची दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच घातली. शैला त्यानंतरही कित्येक दिवस मध्येच हरवून जाई. डॉक्टरीणबाईंची औषधे चालू होती, आणि त्या आल्या की शैलाशी दार लावून बोलत. एकदा मी त्यांना ती दुपार सांगितली. “मी असं बोलले नसते,” त्या म्हणाल्या. “उलटलं असतं तर?” मला ते पटले. अजूनही पटते. आणि तरीही ते न बोलले जाते तर काय झाले असते, या प्रश्नापाशी माझे मन आजवर कितीदा तरी जाऊन नुसते परत आले आहे. मिल्काबाईंनाही विचारले होते. “मला काय ठाऊक,” त्या म्हणाल्या, “ती जे म्हणाली तेच मी म्हणाले.” त्यात शहाणपण होते की केवळ सवय, हे मला ठरवता आले नाही.

पुढच्या वर्षी त्या गल्लीतल्या त्यांच्याही दाराला कुलूप लागले. कोणी सांगितले इस्रायल, कोणी सांगितले ठाण्याला भाचीकडे. पत्ता कोणाजवळ नव्हता. कोणाकडच्या त्या, हेच जिथे ठाऊक नव्हते, तिथे पत्ता कोण ठेवणार! माझ्या डोळ्यांपुढे त्या उभ्या राहतात त्या मात्र त्याआधीच्या एका सकाळच्या, सव्वा महिना झाल्यानंतरच्या.

शैलाला नदीवर जायचे होते. सासूबाई नको म्हणाल्या नाहीत. त्यांनी पिशवीत मूठभर फुले घातली आणि त्या देवापाशी जाऊन बसल्या. शैला, अरुण भाऊजी, मिल्काबाई आणि मी असे आम्ही चौघे गेलो. भरती ओसरली होती, चिखलाचा तो उबदार, खारट, किंचित कुजका वास हवेत भरून होता. पलीकडे कर्नाळ्याचा सुळका धुक्यातून अर्धाच वर आलेला. मी बाळाला घेऊन वरच्या वाटेवर थांबले. करंजाच्या झाडाखाली शैला बसली आणि तिने तळहात जमिनीवर टेकवला.

मला वाटले, मिल्काबाई तिच्याजवळ बसतील. त्या बसल्या नाहीत. त्या चालत गेल्या अरुण भाऊजींकडे. ते बऱ्याच मागे, पाण्याजवळ, चिखलात उभे होते. त्या पहिल्या संध्याकाळीही एकटे असेच उभे राहिले असतील. आम्हा सगळ्या बायकांच्या बोलण्यात, रडण्यात, औषधांत, धुरीत त्यांना कोणी काही विचारल्याचे मला आठवेना. मिल्काबाई साडीचा घोळ उचलून त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. काय बोलणे झाले, वाऱ्यामुळे मला ऐकू आले नाही. एवढेच दिसले, की भाऊजींनी दोन्ही हात समोर धरले, तळवे समोरासमोर, मध्ये थोडे अंतर. एवढीशी होती, असे ते सांगत होते.

सांगून झाले, पण हात खाली येईनात. ते तसेच हवेत राहिले, मधली ती इवलीशी जागा धरून. मिल्काबाईंनी ते धरले नाहीत, खाली घेतले नाहीत. पाय चिखलात रुतत होते, ऊन चढत होते, शैला झाडाखालून या दोघांकडे पाहत होती. आणि ते हात आपणहून खाली येईपर्यंत मिल्काबाई तिथून हलल्या नाहीत.